ग्रिपखालची पांढरी टेप

विश्वंभर दिघ्यांना बडोद्यात कुणी घाबरत असेल, तर ते मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याचे कामगार. तिथे ते तपासणी खात्यात होते. अंगाने किरकोळ, आवाज मऊ, चालताना चप्पलसुद्धा वाजायची नाही. पण यंत्रावरून उतरलेला नग त्यांनी दोन बोटांत धरला, की करणारा माणूस श्वास रोखून उभा राही. ते "नाही" एवढंच म्हणायचे. मग नग त्याच माणसाच्या हातात द्यायचे, त्याचंच बोट धरून चुकलेल्या जागेवर फिरवायचे आणि विचारायचे, "लागलं?" त्याला लागलं, की विषय संपला. साहेबाकडे तक्रार नाही, पाठीमागे शब्द नाही. नव्याने लागलेल्या पोरांना ते सांगत, "ज्याचं काम बिघडलं त्याला तोंडावर सांगावं. न सांगता नग बाजूला सारला, तर आपण नग नाही सारत, माणूस सारतो."

गुजरात वेगळं झालं तेव्हा ते कॉलेजात होते. कारखान्यात चिकटले ते केस पांढरे होईपर्यंत. निवृत्त झाल्यावर सुरुवातीचे दिवस बरे गेले. तपासायची सवय घरात उतरली, इतकंच.

"ही पोळी एका बाजूला जाड आहे."

"मग दुसऱ्या बाजूने खा," त्यांच्या पत्नी निरुपमाबाई म्हणायच्या.

पुढे तेही थांबलं. अकोट्याच्या त्यांच्या टेनामेंटमध्ये, म्हणजे बैठ्या जोडघरात, पुढच्या व्हरांड्यात, घरोघरी असतो तसा झोपाळा होता. झोपाळ्यावर बसून झोपाळा हलू न देणं फार अवघड असतं. विश्वंभरराव ते तासन्‌तास जमवायचे. पोळी जाड आली काय, करपली काय, निमूट गिळायचे. निरुपमाबाई मुद्दाम एखादी वाकडी लाटून पाहायच्या. ताटात तिचा चतकोरही उरायचा नाही.

अशात एका सकाळी जगदेवराव शिर्के आले. हे विश्वंभररावांचे शाळेपासूनचे मित्र. घराणं जुन्या संस्थानातल्या मानकऱ्यांचं, आवाज त्या घराण्याला शोभेल असा. विश्वामित्रीच्या काठच्या एका लहानशा क्लबात ते रोज सकाळी गोल्फ खेळत आणि दुपारभर त्याच्या गोष्टी सांगत.

"केम छो, इन्स्पेक्टर! मजामां?" त्यांनी झोपाळ्याला एक धक्का दिला आणि हातातली स्टिक पुढे केली. "हे बघ. हिची ग्रिप पार गेली. बदलायला मुंबईला पाठवायची, तर महिना जातो. तुझ्या हाताला हे काम काय अवघड आहे?"

विश्वंभररावांनी स्टिक घेतली. मुठीत धरायचा रबरी भाग उन्हाने चिरफाळला होता, अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झाला होता. त्यांनी बोट फिरवलं.

"आत काय आहे?"

"मला काय ठाऊक? मी फक्त बॉल हरवतो."

जगदेवरावांनी दिल्लीहून नव्या ग्रिपांचं खोकं मागवलं. त्यात एक कागद होता. काम तसं सोपं. जुनी ग्रिप आकड्यासारख्या वाकड्या पात्याने उभी चिरून सालीसारखी काढायची. दांडी खरवडून स्वच्छ करायची. तिच्यावर दोन्ही अंगांनी चिकटणारी टेप लावायची. मग नव्या ग्रिपच्या पोटात पेट्रोल ओतायचं, टोकाचं भोक बोटाने दाबून खळखळवायचं, तेच टेपवर सोडायचं आणि ओलं आहे तोवर ग्रिप एका दमात चढवायची. पेट्रोल उडून जातं, टेप रबराला धरते.

विश्वंभररावांनी मागच्या व्हरांड्यात बाक मांडलं, त्यावर दांडी घट्ट पकडणारा व्हाइस बसवला आणि दांडीला ओरखडा पडू नये म्हणून जबड्यांना जुन्या चपलेचं रबर लावलं. टेप मंगळबाजारातून निवडून आणली, खाकी रंगाची, रुंद. ती ते गुंडाळत नसत. उभी लावायचे, एकच पट्टी, जोड बरोबर खालच्या अंगाला, सुरकुती नाही, फुगा नाही.

अडचण आली ती पेट्रोलची. मागचा व्हरांडा स्वयंपाकघराला लागून. पहिल्याच दिवशी निरुपमाबाईंचं डोकं असं चढलं, की दुपारभर त्या कपाळाला बाम लावून अंधारात पडून राहिल्या. शिवाय चार हातांवर गॅस. विश्वंभररावांनी विचार केला आणि पेट्रोलऐवजी रॉकेल घेतलं. घरात एक स्टोव्ह होता. रॉकेलचा वास त्या भिंतींना नवा नव्हता. ग्रिप उलट जास्तच सहज सरकली. वाळायला वेळ लागेल म्हणून त्यांनी स्टिका आणखी एक दिवस तशाच ठेवल्या, मग एकेक हातात धरून सगळ्या जोराने पिळून पाहिल्या. एकही ग्रिप तसूभर हलली नाही. डिसेंबरातली सकाळ होती, व्हरांड्यात सावली होती.

जगदेवराव खूश झाले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा रे पठ्ठ्या!"

त्यानंतर बॅगा येऊ लागल्या. जगदेवराव आपल्या मारुतीतून कुणाकुणाच्या आणायचे आणि झाल्या की घेऊन जायचे. कुणी डॉक्टर, कुणी रिफायनरीतले साहेब. विश्वंभरराव मोबदला घेत नसत, मग कुणी हापूसची पेटी पाठवायचं, कुणी लीलो चिवडा, आणि सगळ्यांचा निरोप एकच, "दिघेसाहेबांच्या हातची मजा काही और." विश्वंभरराव हसत नसत, पण निरोप आला की व्हरांड्यात जाऊन विनाकारण पातं घासत बसायचे. सकाळी शीळ ऐकू येऊ लागली. एक दिवस ताटावरून आवाज आला, "ही पोळी एका बाजूला जाड आहे," आणि निरुपमाबाईंनी स्वयंपाकघरात पदर डोळ्यांना लावला.

अशी दोन वर्षं गेली. मग जगदेवरावांची स्वतःची, सगळ्यांत आधी केलेली बॅग परत आली. बडोद्याचं ऊन रबराला टिकू देत नाही.

"चल, लग्नाचा वाढदिवस साजरा कर हिचा," बॅग टेकवून ते म्हणाले. "संध्याकाळी येतो गप्पा मारायला." आणि गेले.

विश्वंभररावांनी पहिली स्टिक व्हाइसमध्ये धरली. आपल्याच हाताने बसवलेली ग्रिप आपणच चिरायची, याची त्यांना थोडी गंमतही वाटली. पातं टेकवलं, खाली ओढलं. फटीतून पांढरं दिसलं.

ते थांबले. रबर सोलून काढलं. दांडीवर पांढरी, अरुंद टेप होती, हाताला पट्टी बांधावी तशी गोल गोल गुंडाळलेली.

त्यांना वाटलं, ही एखादी स्टिक मोडली असेल, बदलली असेल. त्यांनी दुसरी घेतली. पांढरी. तिसरी. पांढरी. मग त्यांनी सोललेली ग्रिप उलटी करून उन्हात धरली. ग्रिप त्यांच्याच खोक्यातली होती, त्यात शंका नव्हती. तिच्या पोटात, पांढऱ्या टेपच्या डिंकाखाली, खाकी कागदाचे बारीक चट्टे राहिले होते.

आयुष्यभर धातूवरच्या खुणा वाचलेल्या माणसाला हे वाचायला वेळ लागला नाही. ग्रिप आधी त्यांच्या टेपवर बसली होती. मग कुणी तरी ती काढली होती. न चिरता, अखंड. म्हणजे ती ओढल्यासरशी निघाली होती. आतून पुसून दुसऱ्या टेपवर पुन्हा चढवली होती. बाहेरून काही कळायला जागा नव्हती.

त्यांनी ग्रिप नाकाशी नेली. इतक्या काळानंतरही आत पुसटसा तेलकट वास होता.

निरुपमाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा पांढऱ्या दांड्या पायरीवर ओळीने ठेवलेल्या होत्या. त्यांची नजर तिकडे गेली आणि कप बशीत किणकिणला. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. विश्वंभररावांनी ते ऐकलं; म्हणजे न विचारलेलं ऐकलं.

"तुला माहीत होतं."

"चहा घ्या आधी. निवेल."

"निरू."

त्या पायरीवर टेकल्या. "जगदेवभाऊजी बोलले होते. एकदाच. तुम्ही बँकेत गेला होतात."

"काय बोलले?"

"हातात फिरतात म्हणाले. उन्हात खेळताना. पण विशूला कळू देऊ नका, मी बघतो काय करायचं ते. क्लबात कुणी सुभाष म्हणून आहे, बॅगा सांभाळतो, त्याच्याकडून नीट करून घेईन म्हणाले."

"केव्हाची गोष्ट?"

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"केव्हाची, निरू?"

"पहिल्याच उन्हाळ्यातली."

विश्वंभररावांनी व्हरांड्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे त्या उन्हाळ्यानंतर किती बॅगा उभ्या राहून गेल्या होत्या! डॉक्टरांची तपकिरी, रिफायनरीवाल्यांची निळी, तुटक्या चाकाची एक, जिचं चाकही त्यांनी हौसेने बसवून दिलं होतं.

"म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या..."

"हो."

"इथून निघायच्या आणि सरळ सुभाषकडे जायच्या."

"मला सगळं नाही ठाऊक. पण हो."

"आणि ते आंबे?"

त्यावर निरुपमाबाईंचा बांध फुटला. "अहो, तुम्ही कसे झाला होतात ते तुम्हाला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. झोपाळ्यावर दगडासारखे बसायचात. मी मुद्दाम करपवून पोळी वाढली, तीही खाल्लीत. मग हे काम आलं आणि माणसात आलात. शीळ घालायला लागलात. मी काय करायला हवं होतं? ती शीळ मी माझ्या तोंडाने बंद करू?"

"रॉकेल," विश्वंभरराव म्हणाले.

"काय?"

"रॉकेलमुळे. पेट्रोल उडून जातं. रॉकेल उडत नाही पुरतं, आत मुरतं. थंडीत कळलं नाही. उन्हात रबर नरम झालं, की आतला तेलकटपणा सुटत असणार आणि दांडीवर ग्रिप फिरत असणार." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "एवढंच होतं ते."

"मला काय कळणार होतं त्यातलं?"

"तुला नसतं कळलं. मला कळलं असतं. कुणी तोंड उघडलं असतं, तर मला एका सकाळीत कळलं असतं."

निरुपमाबाईंनी बोटाभोवतीचा पदर सोडवला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या डोकेदुखीपायी झालं का सगळं?"

तसं नव्हतं. चूक त्यांची स्वतःची होती, हे विश्वंभररावांना पक्कं ठाऊक होतं. एरवी त्यांनी लगेच तसं सांगितलं असतं. त्या दिवशी त्यांनी चहाचा कप उचलला आणि उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी फाटकाशी मारुती थांबली. "केम छो, इन्स्पेक..." जगदेवरावांचा आवाज मागच्या व्हरांड्यापर्यंत आला आणि दांड्या पाहून तिथेच अडकला.

"बस," विश्वंभरराव म्हणाले. "स्टूल घे."

"वहिनी कुठेत?"

"आत आहे. ती काही सोडवायला येणार नाही. बस."

जगदेवराव बसले. एवढा धिप्पाड माणूस स्टुलावर मावेना. "हे बघ विशू, मला इतकंही कळलं नाही रे, की आतून ओळखू येतं. टेप ती टेप, असं वाटलं."

"ते ठीक आहे. मला सांग, कसं फिरायचं?"

"जाऊ दे ना आता."

"दाखव."

जगदेवरावांनी नाइलाजाने एक दांडी उचलली, पाय फाकले. "असं मागे न्यायचो. खाली आणताना मुठीत वळायची. एकदा मे महिन्यात स्पर्धा होती. मारला तर बॉल सरळ जायच्या ऐवजी आडवा सुटला, झाडीतून थेट विश्वामित्रीत. मगरी होत्या काठावर. सगळे म्हणाले, शिर्क्यांनी मगरीला अंडं परत दिलं." ते हसले. विश्वंभरराव हसले नाहीत. "आणि डॉक्टरच्या हातात तर स्टिकच उलटी फिरली. तेव्हापासून कुणाचाही फटका असा वाकडा गेला, की क्लबात म्हणतात..."

ते थांबले.

"काय म्हणतात?"

"काही नाही. गंमत असते रे."

"जगदेव, काय म्हणतात?"

जगदेवराव दांडीकडे बघत म्हणाले, "दिघे मारला म्हणतात."

आत स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज चालू होता, तो बंद झाला.

"म्हणजे," विश्वंभरराव सावकाश म्हणाले, "सगळ्या क्लबाला ठाऊक होतं. बॅगा सांभाळणाऱ्याला ठाऊक होतं. माझ्या बायकोला ठाऊक होतं. नदीतल्या मगरींना ठाऊक होतं. आणि तू दर महिन्याला नवी बॅग घेऊन माझ्या दारात यायचास."

"तुझ्यासाठीच यायचो ना! लोकांच्या हातापाया पडून आणायचो. कुणी द्यायला तयार नसायचं. मी म्हणायचो, अरे, आपला माणूस आहे, त्याचा वेळ जातो, सुभाष नंतर बघेल. यात माझा काय फायदा होता, सांग."

"काहीच नव्हता."

"मग?"

"मग तू मला भीक घातलीस, जगदेव. आणि तीही मी मागितलेली नसताना."

"भीक काय म्हणतोस? दोस्तीत असं बोलतात?"

"शाळेत माझं गणित चुकलं की तू पाटी उचलून वर्गभर नाचायचास. आठवतं? मला राग यायचा, पण गणित सुटायचं. तेव्हा तुला वाटायचं, हा सोडवू शकेल. या वेळी तुला ते वाटलं नाही. तू ठरवून टाकलंस, की म्हाताऱ्याचं आता झालं, आता याला फक्त खेळवायचं."

जगदेवरावांनी हातातली दांडी हळूच पायरीवर परत ठेवली. त्यांना खरंच वाईट वाटत होतं; पण आपलं नेमकं काय चुकलं, ते त्यांना अजूनही पुरतं कळलं नव्हतं, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"बॅग राहू दे," विश्वंभरराव म्हणाले. "परवा ये."

दुसऱ्या दिवशी ते पंपावरून बाटलीत पेट्रोल घेऊन आले. निरुपमाबाईंनी गॅस बंद केला, बाम घेतला आणि न बोलता पुढच्या खोलीत जाऊन बसल्या. सगळ्या दांड्या खरवडून झाल्या, खाकी टेप लागली, ग्रिपा चढल्या. वाळल्यावर त्यांनी त्या गच्चीत भर उन्हात मांडून ठेवल्या, हात पोळेल इतक्या तापू दिल्या आणि मग पिळून पाहिल्या.

जगदेवराव आले, तेव्हा त्यांच्या हातात दिल्या. "पीळ."

त्यांनी पिळली. तोंड लाल होईपर्यंत पिळली. "नाही हलत! शपथ, विशू, अजिबात नाही हलत."

"घेऊन जा. यापुढे कुणाची आणू नकोस."

"अरे, आता तर खरंच..."

"हो. आता खरंच. तरी आणू नकोस."

पंधरवड्याने जगदेवरावांचा फोन आला. मे महिना होता. ते ओरडून सांगत होते, की रणरणत्या उन्हात खेळलो, ग्रिप खडकासारखी. सुभाषने स्वतः स्टिका हातात घेऊन पाहिल्या, असं काम मला जमत नाही म्हणाला. डॉक्टर विचारतायत, माझ्या कराल का? या वेळी खरं सांगतोय रे! विश्वंभररावांनी सगळं ऐकून घेतलं. शब्द तेच होते, आवाज तोच, जोर तोच. खोटं बोलतानाही जगदेव असाच बोलायचा. "बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. बाक त्यांनी आधीच शेजारच्या सुताराला देऊन टाकलं होतं.

ते पुन्हा झोपाळ्यावर दगडासारखे बसले नाहीत. निरुपमाबाईंना वाटलेली ती भीती खोटी ठरली. ते जेवत, फिरायला जात, पेपर वाचत, विचारलं तर बोलत. दोघांत भांडण असं काही झालं नाही.

जूनमध्ये डभोईला नात्यातली एक मुंज होती. निरुपमाबाई साडी नेसून तयार झाल्या. विश्वंभरराव इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. रिक्षा फाटकाशी उभी होती.

"कसा दिसतोय?" सवयीने त्यांच्या तोंडून गेलं.

"छान दिसताय," निरुपमाबाई मनापासून म्हणाल्या.

ते क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग पायऱ्या उतरून रिक्षाशी गेले, आत वाकले आणि त्या अनोळखी पोरगेल्या रिक्षावाल्याला गुजरातीत विचारलं, "भाई, कॉलर बराबर छे?"

त्याने मान वळवून नीट पाहिलं. "ना काका. डाबी बाजू वळी गई छे."

विश्वंभररावांनी डावीकडची कॉलर चाचपली. ती खरंच आत दुमडली होती. त्यांनी ती सरळ केली, मान लववून त्याचे आभार मानले आणि सरकून बसले. निरुपमाबाई दाराला कुलूप लावून आल्या आणि शेजारी बसल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कॉलर त्यांना खरंच दिसली नव्हती. हे सांगावं म्हणून त्यांनी नवऱ्याकडे तोंड वळवलं. पण ते दुसऱ्या बाजूने रस्त्याकडे बघत होते, आणि आता सांगून ते त्यांना खरं वाटेल, याची निरुपमाबाईंना काहीच खात्री वाटेना.